उलटी कोयरी

माझ्या नातीला अकरावीत वस्त्रशास्त्र आहे. ती त्याला टेक्स्टाइल म्हणते. मी वस्त्रशास्त्र म्हटलं की तिला हसू येतं, जणू मी झाडाच्या साली नेसून शिकायला जात होते. परवा ती माझ्या कपाटासमोर येऊन उभी राहिली. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात जाड पुठ्ठ्याची वही. वहीत कापडाचे तुकडे चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली तंतूचं नाव लिहायचं. सुती झालं होतं, लोकर झाली होती, टेरिकॉटही झालं होतं. रेशीम राहिलं होतं.

"आजी, तुझ्या लग्नाच्या शालूचा इवलासा तुकडा देतेस? आतल्या टोकाचा. कोणाला दिसणार नाही."

पोरीनं विचारलं तरी. मी तिच्या वयाची असताना विचारलं नव्हतं. तिच्या हातातली कात्री मी काढून घेतली आणि म्हटलं, आधी बस, मग कात्री. मग तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. फरक एवढाच की तिला सांगताना मी स्वतःला जरा बरं दाखवलं होतं.

आमचं गाव धामणगाव बढ्याजवळचं. दहावी झाल्यावर मला बुलढाण्याला घातलं. सकाळची एस.टी., मोताळा, मग राजूरचा घाट, घाटात रोज कोणीतरी ओकणार, बऱ्याचदा मीच. गृहविज्ञान मी का घेतलं, याचं कारण बाबांना सांगितलं ते असं, की शिवणकाम येईल, संसाराला उपयोगी पडेल. खरं कारण असं, की प्रवेशाच्या दिवशी त्या वर्गात मला माणसाच्या उंचीचा आरसा दिसला होता. आमच्या घरी आरसा होता तो हातभर. त्यात एका वेळी एक तर तोंड दिसायचं नाहीतर वेणी. पूर्ण मी मला कधी दिसलेच नव्हते. त्या आरशापायी मी दोन वर्षं शास्त्र शिकले.

तीन महिन्यांत मी तज्ज्ञ झाले. पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत त्याच्या सदऱ्याची बाही माझ्या चिमटीत असायची. "मामा, हे सदुसष्ट टक्के टेरिलिन हाय," मी सांगायची. मामा बिचारा पाणी प्यायचा थांबून बाहीकडे बघायचा. कोणाचं लुगडं सैल विणीचं, कोणाच्या धोतराला कांजीच जास्त, हे मी न विचारता जाहीर करायची. आई म्हणायची, "हिले एखाद्या गाठोड्यात बांधून ठेवा वं कोणी. लोकं उघडे येतीन आपल्या घरी."

बाबांचा कापूस होता. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचे. बाजारात व्यापारीसुद्धा त्यांचं ऐकायचे. मी त्यांना एकदा सांगितलं, की ही पद्धत अशास्त्रीय आहे. बाबा म्हणाले, "असंन." आणि पुढची चिमूट ओढायला लागले.

कापडाच्या बाबतीतही घरात बाबांचाच शब्द चाले. त्याच्या आठ वर्षं आधी धाकट्या काकाचं लग्न झालं, तेव्हा बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, बाबा स्वतः गेले होते. आजोबा नव्हते, काकाला बाबांनीच वाढवलेलं. नवरीचा शालू त्यांनी असा निवडला, की दुकानातल्या गाद्यांवर दिवस गेला आणि बाकीच्यांचा चहा तीनदा झाला. लालसर डाळिंबी रंग, अंगभर जरीच्या कोयऱ्या. एस.टी.त तो मांडीवर घेऊन आले, वर टपावर टाकला नाही. "बोट लावून सांगतो, अस्सल रेशीम," हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर दर लग्नसराईत एकदा तरी व्हायचं.

त्या शालूची मालकीण म्हणजे आमची काकू. माहेर देऊळगाव राजाचं. आम्ही सगळे "मले" म्हणणारे आणि तिचं "मला" काही सुटलं नाही. मी तिच्या "मला"ची नक्कल करायची. ती हसायची आणि माझ्या ताटात जास्तीचा ठेचा वाढायची, म्हणजे तोंड बंद राहील. तिच्याकडे चांगलं म्हणावं असं तेवढं एकच वस्त्र. पेटीत सगळ्यात खाली, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, डांबराच्या गोळ्या घातलेलं.

तर वर्गात ज्वलन परीक्षा आली. स्पिरिटच्या दिव्यावर चिमट्यानं धागा धरायचा. सूत कागदासारखं भुर्रकन जळतं, राख मऊ. रेशीम सावकाश जळतं, केस जळाल्याचा वास येतो आणि टोकाला काळा मणी राहतो, तो बोटानं चुरडता येतो. आमच्या बाई पुण्याकडच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी विचारलं, "खरं रेशीम कोण आणू शकेल?" मी हात वर केला. नुसता वर केला असता तरी चाललं असतं. मी म्हणाले, "बाई, माह्या काकूचा शालू हाय, अस्सल. पाह्यजे तेवढा आनतो." पाहिजे तेवढा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, एस.टी.च्या आधी, काकू गोठ्यात असताना मी पेटी उघडली. शालू बाहेर काढून उलगडायला वेळ नव्हता. मी तशीच घडी धरली. आतल्या टोकाचा कोपरा वाटला तो चिमटीत घेतला आणि कातरला. कात्री जरा जड चालली. मला वाटलं, अस्सल रेशीम आहे, जड चालणारच.

इथं मी एक गोष्ट सांगायला हवी. आधीच्याच आठवड्यात मला कापड घडीवर ठेवून कापण्याच्या प्रात्यक्षिकात दहापैकी नऊ गुण मिळाले होते. घडीच्या कोपऱ्यावर तिरपी कात्री मारली की उलगडल्यावर मधोमध चौकट पडते, हे मी जर्नलमध्ये आकृती काढून, तिला निळी शाई लावून लिहिलं होतं. ते जर्नल त्या सकाळी माझ्या पिशवीतच होतं.

वर्गात मी तो तुकडा असा काढला, जसा काही प्रसाद आहे. बाईंनी दोन धागे सोडवले, चिमट्यात धरले, ज्योतीला लावले. भुर्र. एका क्षणात गेले. वास आला तो वही जाळल्याचा. पांढुरकी राख टेबलावर पडली आणि कोणीतरी मागून फुंकली.

"हे कृत्रिम रेशीम आहे," बाई म्हणाल्या. "रेयॉन. अगदी छान उदाहरण आणलंस."

मागच्या बाकावरून आवाज आला, "अजून पाह्यजे तेवढं हाय तिच्याजवळ."

दिवसभर माझे कान तापलेले होते. घाट उतरताना त्या दिवशी मी ओकले नाही, एवढी मी चिडलेली होते. कोणावर, ते ठरत नव्हतं. घरी पोचेपर्यंत दुकानदारावर ठरलं. त्यानं आपल्याला फसवलं आणि हे शोधून काढणारी या घरात मी एकटी. अपमान झाला होता तो रस्त्यातच वाळून त्याचा शोध झाला होता.

रात्रीपर्यंतही थांबले नाही मी. दिवेलागणीला बाबा आणि काका जेवायला बसले होते, आई वाढत होती, काकू चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हणाले, "बाबा, काकूचा शालू खोटा हाय."

काकानं पुढचा घास घेतला, म्हणून मला वाटलं नीट कळलं नसेल. मी समजावून सांगितलं. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात, म्हणून कागदासारखं जळतं. राख पांढुरकी. वास कागदाचा. "शास्त्रीय कसोटी हाय," मी म्हणाले. "बोटानं नाई समजत ते."

आई म्हणाली, "तू गप बस बरं."

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी भाजीत बुडवला नाही, ताटात ठेवला. "काडी लावली?" त्यांनी विचारलं. "कशाले लावली? शालूले?"

"तुकड्याले."

"कोनता तुकडा?"

आता काकू उठली. हाताचं पीठ झटकलं, आत गेली, शालू घेऊन आली आणि कंदिलापाशी उलगडायला लागली. वीज होती गावात, पण संध्याकाळी ती असेलच असं नव्हतं. शालू उलगडत गेला आणि मधोमध, नेसल्यावर जिथं निऱ्या येतात तिथं, पत्त्यातल्या चौकटीसारखं भोक निघालं. तळहाताएवढं. त्यातून पलीकडे बसलेले बाबा दिसत होते.

काकू म्हणाली, "भाकर करपतीये," आणि परत चुलीपाशी जाऊन बसली.

आठ दिवसांवर तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, देऊळगावला. ती करवली होती. करवली म्हणजे नवऱ्यामागं मिरवायचं, सगळ्या मांडवाचे डोळे अंगावर. तिच्या दोघी बहिणी बऱ्या घरी दिलेल्या, आणि ही कापसाच्या खेड्यात पडली असं माहेरचे म्हणत. आठ वर्षं ती त्यांना त्या एका शालूनं उत्तर देत आली होती. आता दोनच गोष्टी होत्या. भोक पडलेला शालू नाहीतर रोजची फुलांची नायलॉन. बाबा त्या रात्री अर्ध्या भाकरीवर उठले आणि नंतर कितीतरी दिवस त्यांनी कुठल्याच कापडाला बोट लावलं नाही. कापूससुद्धा मुकाट्यानं पोत्यात भरायचे.

सकाळी काकूनं शालू माझ्यापुढं ठेवला. "कालेजात फाडायचंच शिकवतेत का शिवायचं बी?"

"रफू हाय पुढच्या टर्मले," मी म्हणाले.

"लग्न या टर्मला हाये."

मी बाईंना विचारलं. सगळं सांगितलं नाही, पण बाईंना बहुतेक कळलं. त्या म्हणाल्या, कातरलेला तुकडा कडा दुमडायला पुरणार नाही, ठिगळ त्याच कापडाचं पण भोकापेक्षा मोठं हवं. साडीचं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं, तिथून घे. म्हणजे ज्या जागेवरून तुकडा घ्यायला मी पहिल्यांदा निघाले होते, तिथूनच. फक्त आता साडी उलगडून.

मग कॉलेज बुडवून पाच दुपारी मी आणि काकू ओसरीवर बसलो. मी शिवायची, ती तूर निवडायची. मला शिवण येत होतं असा माझा समज होता. रेयॉन हातात मासोळीसारखं सुळकन निसटतं. टाका घातला की कड उसवायची, कड दुमडली की ठिगळ आखडायचं. काकू मधूनच मान वर करून बघायची आणि म्हणायची, "आटपलं का शास्त्र?"

तिसऱ्या दुपारी मी विचारलं, "काकू, तुले राग नाई आला, दुकानदारानं फसवलं त्याचा?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मला माहीत व्हतं ते. लग्नाच्या दिवसापासून."

मी सुई ठिगळात खोचून ठेवली.

"शालू आला ना मांडवात, तवा माझ्या आईनं दोन सुतं वढली पदराच्या दशातून. चुलीपाशी गेली. आमच्याकडं बायका पाहतेत तसं. वास घेतला अन् बाहेर आली. सगळे बघत व्हते तिच्याकडं. माझ्या मावश्या, तुझे बाबा. तुझे बाबा तर श्वास बी घेत नव्हते. आई म्हणली, अस्सल हाये. अन् मग मी नेसले."

"तुले कधी सांगतलं तिनं?"

"नेसवताना. कानात. म्हणली, शालू बाजारातून आलाय, माणूस घरातून आलाय. मांडीवर आणलाय तुझ्या थोरल्या दिरानं." काकूनं परत सूप उचललं. "आठ वर्षं झाकलं व्हतं मी. तू अडीच मिनिटांत उघडं केलंस. बरं त्यांच्याच ताटापुढं."

ज्या परीक्षेसाठी मी रोज घाट चढून जात होते, जी मी घरात येऊन शास्त्रीय म्हणून सांगितली, ती तिच्या अडाणी आईला चुलीपाशी येत होती. आणि तिला परीक्षेच्या पुढची पायरीही येत होती, जी आमच्या पुस्तकात नव्हती. पण हे मला आता सुचतं. तेव्हा मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चुलीच्या धुरात वास नीट समजत नसंन पन."

काकूनं मला तूरच फेकून मारली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ठिगळ पूर्ण झालं. चारही कडा बसल्या. मी लांब धरून बघितलं. शालूभर सगळ्या कोयऱ्या टोक वर करून उभ्या, आणि ठिगळावरची एकटी डोक्यावर उभी. बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कापायच्या आधी नक्षीची दिशा बघा. मी ते वाक्य लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं. उसवायला वेळ नव्हता. पहाटे बैलगाडी, मग एस.टी.

काकूनं उलटी कोयरी बघितली. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "तुझं लग्न लवकर करावं लागन," ती म्हणाली. "शिकवून काई फायदा नाई."

देऊळगावच्या मांडवात ती तो शालू नेसूनच उभी राहिली. निऱ्या अशा घातल्या की ठिगळ आत जाईल, पण चालताना तिसरी निरी उघडायची आणि ती कोयरी सगळ्यांना नमस्कार करायची. मी तिच्या मागून चालत होते आणि प्रत्येक पावलाला मरत होते. बाबा पुरुषांच्या रांगेत, टोपी नीट करत, जमिनीकडे बघत.

व्हायचं तेच झालं. काकूची थोरली बहीण वाकली आणि निरी बोटानं उघडून म्हणाली, "अगं, ही कोयरी उलटी कशी?"

आजूबाजूच्या चारजणी वाकल्या. आता काकू सांगणार, या पोरीनं कातरलं, आणि मग का कातरलं तेही निघणार, आणि मग भर मांडवात बाबा.

"ती व्हय," काकू म्हणाली, मोठ्यानं, पुरुषांच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. "आमची पुतणी कालेजात कापडाचं शिकती. तिनं मुद्दाम लावून दिली. एवढा अस्सल शालू, भाऊजींनी स्वतः पारखून आणलेला. दृष्ट लागती. लेकराला गालबोट लावतेत तसं."

बहीण सरळ झाली. तिनं स्वतःच्या साडीकडं बघितलं. तिच्या साडीला गालबोट नव्हतं. "मला बी लावून देशील का गं?" तिनं मला विचारलं.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. ते शेजारच्या माणसाच्या उपरण्याचा कोपरा दोन बोटांत धरून त्याला काहीतरी सांगत होते.

पुढं चार वर्षांनी माझं लग्न झालं. तोवर मी जरा सुधारले होते. म्हणजे पाहुण्यांच्या बाह्या आता न विचारता धरत नव्हते. सासरहून शालू आला, मोरपंखी. बायकांनी घोळका केला. तेवढ्यात काकू पुढं आली, पदराच्या दशांतून दोन सुतं ओढली आणि माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांदेखत चुलीकडं गेली. मी पाटावर, हळदीच्या हातांनी, त्या चुलीकडे बघत बसले. वस्त्रशास्त्रात पास झालेली मी, पण आयुष्यात कुठल्या निकालाची एवढी वाट पाहिली नाही.

काकू बाहेर आली. हात पदराला पुसले.

"अस्सल हाये," ती म्हणाली.

नेसवताना मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं कानात काही सांगितलं नाही. नुसती निऱ्या काढत राहिली आणि मध्येच म्हणाली, "सरळ उभी राह्य. आरशात बघू नको." आता यातून काय समजायचं? मी चाळीस वर्षं विचार केला. हातात आगपेटी होती, डोक्यात शास्त्र होतं, पण एक सूत काही मी काढलं नाही. पुढं काकू गेली, आणि विचारायचं राहूनच गेलं.

एवढं सगळं सांगून मी नातीला शालू काढून दिला. तिनं तो पलंगावर पूर्ण उलगडला. कोयरीची दिशा बघितली. आतल्या टोकाचा, अगदी कडेचा, बोटभर तुकडा कातरला. मग मला म्हणाली, "आजी, प्रत्येक तुकडा जाळून बघावा लागतो. निरीक्षण लिहायचं असतं."

"लिही मंग," मी म्हणाले. "मी कुठी नको म्हनतो."

ती स्वयंपाकघरात गेली. गॅसचा लायटर दोनदा टकटकला. मी इथं बाहेर बसून नाक तयार ठेवलं, कागद की केस. आणि नेमकी त्याच वेळी सूनबाईनं लसणाची फोडणी दिली. घरभर लसूण.

नात बाहेर आली. हात ओढणीला पुसत.

"अस्सल आहे, आजी."

"वास कशाचा आला?"

"अस्सल आहे म्हटलं ना."

रात्री ती झोपल्यावर नव्हे, तिच्यासमोरच, चष्मा लावून मी तिची वही बघितली. सुती, लोकर, टेरिकॉट, सगळ्यांखाली तंतूचं नाव आणि निरीक्षण, ओळीत, टापटीप. माझ्या मोरपंखी तुकड्याखाली तिनं लिहिलं होतं, 'आजीच्या लग्नाचा शालू'. तंतूचा रकाना कोरा होता.

त्या रकान्यापायी मॅडमनी तिचा एक मार्क कापला. तिनं वही मिटून दप्तरात टाकली. मी तिच्या वयात एका मार्कासाठी अख्खं घर पेटवलं असतं, आणि राखेचा रंगही लिहून दिला असता.